अमेरिकी लष्करात अरबी भाषा विश्लेषक होतो. आता बाहेर नोकरी कुठे शोधू?

अनुवादकाच्या नव्हे, विश्लेषकाच्या जागा शोधा: बँकांचे मनी लाँडरिंग रोखणारे विभाग, सायबर सुरक्षा, संरक्षण कंत्राटदार. असे रेझ्युमे मी नेहमी तपासते. ‘अरबी येते’ एवढंच लिहिलेलं पाहून जीव हळहळतो. खरखरत्या, तुटक संभाषणातून अर्थ लावून वेळेत अहवाल देणं ही तुमची खरी कमाई, ती आधी लिहा (रेझ्युमे लष्कराकडून तपासून घ्यायचा विसरू नका). सेवा सोडून २४ महिने उलटले की सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी (गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी) सहसा नव्याने तपासणी होते, तेव्हा नोकरीसाठी आत्ताच अर्ज करा. मात्र डीएलपीटी ही लष्कराची भाषा परीक्षा वाचन आणि श्रवणच तपासते. दुभाषी व्हायचं तर बोलण्याचा सराव हवा, वैद्यकीय दुभाषी म्हणून प्रमाणपत्र मिळवण्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षणही.