बाराशे एकर आणि एकच वाण

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचा आराखडाही वाचला. पिठाच्या कंपनीसाठी हरियाणातल्या कर्नालच्या आसपास बाराशे एकरांची करारशेती, तीही नोकरीतल्या पहिल्याच रब्बीत! आराखडा नेटका केला आहेस. पण सगळीकडे एकच वाण आणि सगळी पेरणी एकाच आठवड्यात, हे काही मला पटलं नाही. गिरणीला एकसारखा दाणा हवा, हे मान्य. पण तो बाराशे एकर गहू फुलणारही एकदम आणि उन्हात सापडला तर सापडणारही एकदम.

2022 चा मार्च आठव. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका तापलेला मार्च नव्हता. गव्हाचे दाणे नेमके तेव्हा भरत होते. ऊन वाढलं की गहू पिकायची घाई करतो आणि दाणा अर्धाच भरतो. बांधावरून बघशील तर शेत झकास दिसतं; ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारलीस की चिमलेले दाणे कळतात. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज 11.13 कोटी टनांचा होता, मे महिन्यात तो 10.64 कोटींवर आला. उशिरा पेरणाऱ्यांना जास्त फटका बसला.

तू निफाडची. आपल्याकडे थंडी आखूड, त्यामुळे उशिराचा गहू अंगलट येतो हे तुला मी सांगायला नको. हरियाणात थंडी लांबते, म्हणून माणूस गाफील राहतो. तिथे उशीर होतो तो भातामुळे. भूजल वाचवण्यासाठी 2009 च्या कायद्याने भाताची लावणी जूनच्या मध्यावर गेली, कापणी त्यामागोमाग सरकली आणि रान मोकळं करायला हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. पेंढा जाळणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात घे.

म्हणून करारात हॅपी सीडरचं, म्हणजे भाताच्या धसकटांतच गहू पेरणाऱ्या ट्रॅक्टरच्या यंत्राचं, भाडं कंपनीने द्यावं, असा आग्रह धर. नांगरट नाही, कुळवणी नाही, उभ्या धसकटांतच पेरणी. दिवस वाचतात, डिझेल वाचतं. शिवाय मंडूसी हे गव्हातलं तणही कमी उगवतं. नव्वदच्या दशकात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक तिच्यापुढे निकामी झालं, तेव्हा हरियाणातले शेतकरी बिननांगरटीकडे वळले, ते प्रामुख्याने याच कारणाने. हे तण लहानपणी थेट गव्हासारखं दिसतं. रोप उपटून बुडखा बघायचा, तांबूस असेल तर मंडूसी. ही ओळख तुझ्या सगळ्या फील्डवरच्या पोरांना करून दे.

आता वाण. भाताचं रान लवकर सुटेल तिथे ऑक्टोबरअखेर डीबीडब्ल्यू 303, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात डीबीडब्ल्यू 187, आणि रान उशिरा सुटलं तर डीबीडब्ल्यू 173. प्रत्येक गावात एकच वाण ठेव, म्हणजे भेसळ होणार नाही. उन्हाइतकीच भीती पिवळ्या तांबेऱ्याची, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाची. 1995 साली आलेला पीबीडब्ल्यू 343 हा वाण उत्तरेत लाखो हेक्टरांवर पसरला होता. तांबेऱ्याची नवी जात आली आणि तो सगळीकडे एकाच वेळी बळी पडला. जानेवारीत पाने पिवळी दिसली की शेतकरी नत्र कमी पडलं म्हणून युरिया फेकतो. आधी पानावरून बोट फिरवायचं. बोटाला हळदीसारखी पूड लागली तर तो तांबेरा, मग त्याच दिवशी फवारणीची सोय बघायची.

पीक विम्याबद्दल विचारलंस. रब्बीला हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का, शेतकऱ्यांनी तो जरूर भरावा. गारपीट झाली तर 72 तासांत कळवायचं. पण उष्णतेने उतारा घटला, तर भरपाई गावाच्या सरासरीवर ठरते. एकट्याचं शेत बसलं आणि गाव तरलं, तर हातात काही पडत नाही.

आणि भाव. 2022 ला युक्रेनच्या युद्धाने बाजारभाव क्विंटलला 2,015 रुपयांच्या हमीभावाच्या वर गेला. आदल्या वर्षी 4.33 कोटी टन घेणाऱ्या सरकारला जेमतेम 1.88 कोटी टन मिळाले. 13 मे रोजी निर्यातबंदी झाली, ती वेगळीच. सरकारला जो गहू मिळाला नाही, तो तुझ्या कंपनीला ठरलेल्या भावाने कोण घालेल? तुझ्या मसुद्यातला एकच ठरीव दर काढून टाक. ‘हमीभाव किंवा त्या दिवशीचा मंडीतला भाव, यांपैकी जो जास्त तो, आणि त्यावर ठरलेली जादा रक्कम’ असं लिही. वरिष्ठ कुरकुरतील, करू देत.

तीन वाण म्हणजे कंबाइनवाल्याशी, कापणी-मळणीच्या यंत्रवाल्याशी, कटकट आलीच. वाण बदलताना यंत्राची धान्याची टाकी रिकामी करून, झाडून घ्यायला सांग, आणि तिथे स्वतः उभी राहा. त्याचे जादा पैसे आत्ताच ठरव; एप्रिलमध्ये तो ऐकायचा नाही.

दुरुस्त आराखडा गावांच्या नावांसकट पाठव. युरिया आणि पीक लोळण्याचा प्रश्न मोठा आहे, त्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
सर