पहिल्यांदाच क्रूझला जायचंय. जहाज आणि केबिन कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला राहता, डिसेंबरात तीन-चार रात्रींची क्रूझ करायची आहे. सोबत मिस्टर, नववीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना बोट लागते. एजंट म्हणतो, बाल्कनीच घ्या, नाहीतर क्रूझला जाऊन उपयोग काय.

एजंटाचं ऐका, पण सगळं ऐकू नका. बाल्कनीवर त्याला कमिशन जास्त.

मी डिचोलीचा. गोव्यात वाड्यावाड्यावर तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, सापडतात, त्यातलाच एक. काही वर्षं परदेशी क्रूझ जहाजांवर केबिन स्टुअर्ड होतो, म्हणजे खोल्या झाडणं, अंथरुणं घालणं आणि पाहुण्यांच्या तक्रारी ऐकून घेणं. "आमची केबिन बदलून द्या" म्हणत येणाऱ्यांत स्वस्तातली आतली, बिनखिडकीची खोली घेतलेले फार नसायचे. जास्त असायचे ते भरपूर पैसे मोजून बाल्कनी घेतलेले, आणि रात्री दोनपर्यंत डोक्यावर डिस्को दणाणतोय म्हणून वैतागलेले. जहाज भरलेलं असलं की बदलून द्यायला खोली नसते. तेव्हा बाल्कनी की खिडकी हे नंतर. खोली जहाजात नेमकी कुठे आहे, ते आधी.

पण त्याहून आधी जहाज. आपल्याकडे क्रूझ म्हटलं की पणजीला सांता मोनिका जेटीवरून सुटणारी तासाभराची मांडवीतली फेरी किंवा कॅसिनोच्या बोटी आठवतात, ते सोडून द्या. समुद्रावरच्या जहाजांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघताना तारीखही बघा. २०१८ला मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली आंग्रिया आणि २०१९ला आलेलं कर्णिका यांचे व्हिडिओ अजून फिरतात. कर्णिका तर २०२०मध्ये कंपनी बंद पडल्यावर भंगारात गेलं. लोक त्यातल्या खोल्या बघून मनात घर बांधतात.

२०२१पासून आपल्या किनाऱ्यावर दिसतंय ते कॉर्डेलिया या कंपनीचं एम्प्रेस. हे जहाज १९९०चं, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होतं. मुळात तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच बांधलेलं, त्यामुळे खोल्या लहान आणि बाल्कन्या मोजक्या. कॉर्डेलियाने २०२५मध्ये नॉर्वेजियन स्काय आणि नॉर्वेजियन सन ही दोन मोठी जहाजं भाड्याने आणण्याचा करार जाहीर केला, पहिलं २०२६साठी आणि दुसरं २०२७साठी. म्हणून नुसतं कंपनीचं नाव ऐकून पैसे भरू नका. तुमच्या तारखेला कुठलं जहाज आहे ते लेखी घ्या आणि त्याच जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्याचा नकाशा, उघडा.

जहाजात किती दाटी होईल हे ओळखायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक जहाजाचं ग्रॉस टनेज दिलेलं असतं. नाव टनेज असलं तरी ते वजन नसतं, आतल्या जागेचं माप असतं. त्याला खोलीत दोघे धरून होणाऱ्या प्रवाशांच्या संख्येने भागा. एम्प्रेस साधारण ४८,५०० टन आणि १,६०० प्रवासी, म्हणजे तीसच्या आसपास. नॉर्वेजियन स्काय ७७,००० टन आणि २,००० प्रवासी, म्हणजे अडतीस. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम दीड लाख टन आणि सुमारे ३,३५०, म्हणजे पंचेचाळीस. आकडा जितका मोठा तितकी माणशी जागा जास्त. तो तीसला टेकला की नाश्त्याला, लिफ्टला आणि पोहण्याच्या तलावापाशी रांग लागणार हे धरून चाला. तीन रात्री ती सोसवते. आठवडाभर जायचं असेल तर मी तीसच्या जहाजावर पैसे घालणार नाही.

आता तुम्ही गोव्याच्या, त्यामुळे मार्गाचा थोडा घोळ आहे. मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ घेतलीत तर तुम्ही पैसे देऊन मुंबईहून गोव्याच्या मुरगाव बंदरात येणार, आणि तिथे बाकीचे प्रवासी उतरून कळंगुटला धावत असताना आपल्या घरापासून तासाभरावर उभ्या राहणार. मला विचाराल तर त्या दिवशी जहाजावरच थांबा. सगळी गर्दी उतरलेली असते, तलाव रिकामा, लिफ्ट मोकळी, जेवायला रांग नाही. सासूबाईंना जहाज दाखवायला तोच दिवस चांगला. फक्त बाल्कनीत कपडे वाळत घालू नका. मुरगाव हे कोळसा आणि लोहखनिजाचं बंदर. शेजारच्या वास्कोच्या लोकांना विचारा खिडकीवर काय बसतं ते.

काही फेऱ्यांमध्ये मुरगावलाच चढता किंवा उतरता येतं, ते विचारून घ्या. तसं जमलं तर एकेरी प्रवासही करता येतो: मडगावहून वंदे भारतने मुंबई, सीएसएमटीपासून जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ, आणि येताना जहाजाने घरी. आणखी रात्री हाताशी असतील तर कोची किंवा लक्षद्वीपची फेरी तुम्हाला नवीन काहीतरी दाखवेल. पण लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात. त्या हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसाला कठीण, आणि लाटा असल्या की उतरणंच रद्द होतं. सासूबाई सोबत आहेत तोवर कोची बरं.

डिसेंबर निवडलात ते उत्तम. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळायला लागतो हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला अरबी समुद्राचा भरवसा नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सहसा शांत. सहसा म्हटलं, कारण २०१७चं ओखी वादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच लक्षद्वीपवरून गेलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातली तारीख मिळाली तर घ्या. नाताळ आणि थर्टी फर्स्टचा आठवडा मात्र टाळा, त्या दिवसांत भाडंही चढतं आणि गोंगाटही.

केबिन. तुमच्यासाठी मुख्य मुद्दा बोट लागणं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे नाक वर, शेपूट खाली, मग उलट. झोपाळ्याच्या फळीसारखं नव्हे, बागेतल्या सी-सॉसारखं: टोकाला बसलेला उंच जातो, मधला जवळजवळ जागेवर असतो. दुसरं म्हणजे डावी-उजवीकडे कलणं, ते जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. जहाजाच्या पोटाला बाजूला पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. ते हे कलणं बरंच आवरतात, पण नाक-शेपटीच्या हालचालीवर त्यांचा काही इलाज चालत नाही. म्हणजे सासूबाईंची खोली लांबीने मधोमध आणि खालच्या डेकवर हवी. आता बाल्कन्या कुठे असतात बघा: वरच्या मजल्यांवर. जास्त पैसे देऊन तुम्ही त्यांना जास्त हलणाऱ्या जागी नेऊन ठेवणार. वर त्यातली स्वस्त बाल्कनी उरलेली असते ती बहुधा पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला.

म्हणून त्यांना खालच्या डेकवर, मधोमध, खिडकीची खोली. आतली का नको? तिथे दिवस-रात्र कळत नाही, दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही असा काळोख. रात्री बाथरूमला उठलेलं वयस्क माणूस त्यात धडपडतं. शिवाय मळमळायला लागलं की लांबवर क्षितिजाकडे बघितल्याने बरं वाटतं, कारण कान सांगतो हलतोय आणि डोळा सांगतो स्थिर आहे, हे भांडण तिथे मिटतं. खिडकी आधी नीट तपासा. काही खोल्यांच्या खिडकीसमोरच लाइफबोट लटकत असते. डेक प्लॅनवर बारीक अक्षरात 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असतं, एजंट ते आपणहून सांगणार नाही.

खोल्या दोन घ्या. एका खोलीत चौघे झोपू शकतात, पण त्यातल्या दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि शिडीने चढावं लागतं. रात्री चारही बर्थ उघडले की पाय टाकायला जागा उरत नाही. आतल्या खोल्या शंभर ते पावणेदोनशे चौरस फुटांच्या असतात, त्यातच बाथरूम आलं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी लागतं म्हणून लोक कोंबून घेतात आणि मग दुसऱ्या रात्री मुलगा कॅरम खेळत, आई डेकवर, बाबा बारमध्ये. तुमच्यात मी सासूबाई आणि तुम्ही खिडकीच्या खोलीत, मिस्टर आणि मुलगा समोरच्या आतल्या खोलीत असं करीन. ओळीने समोरासमोर मिळतात, आणि दोन्ही मिळून एका बाल्कनीपेक्षा फार महाग पडत नाहीत. नववीतल्या मुलाला तो काळोख आवडेल. सुट्टीत अकरापर्यंत झोपेल.

दोन खोल्या एकमेकांजवळ हव्यात तर 'गॅरंटी केबिन' घेऊ नका. ती स्वस्त असते, कारण खोली कंपनी ठरवते, तुम्हाला एक पुढे आणि एक मागे मिळाली तरी तक्रार चालत नाही. खोलीचा नंबर आताच ठरवून घ्या.

नंबर ठरवताना डेक प्लॅन एकावर एक ठेवून बघा. आमच्यातला कोणीही केबिन घेताना आधी हेच करील. ज्या खोलीच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या, ती शांत. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर स्वयंपाकघर असेल तर रात्रभर ट्रॉल्या. खाली थिएटर किंवा बार असेल तर ढोल. प्लॅनवर जिथे नुसता पांढरा चौकोन आहे, काही लिहिलेलं नाही, ती जागा रिकामी नसते, तिथे कर्मचाऱ्यांचं काहीतरी असतं: पॅन्ट्री, स्टोअर, सामानाची लिफ्ट. त्याला भिंत लागून असलेली खोली नको. अगदी पुढे खालच्या डेकवर धक्क्याला लागताना बाजूला ढकलणारे थ्रस्टर घरघरतात, पहाटे सहाला अंथरूण थरथरतं. दोन खोल्यांमध्ये दार असलेली कनेक्टिंग खोली शेजारी ओळखीचे असतील तरच घ्या, त्या दारातून शेजाऱ्यांचं खोकणंसुद्धा ऐकू येतं.

गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची खोली हवी, पण लिफ्टला लागून नको. चार-सहा दारं सोडून. मोठ्या जहाजाचा कॉरिडॉर चालताना संपत नाही, आणि जेवणाचा हॉल बऱ्याचदा अगदी मागच्या टोकाला असतो. जुन्या जहाजात बाथरूमला उंच उंबरा असतो, त्याचा फोटो मागवून बघा.

बाल्कनी कधी घ्यावी? जहाज दिवसा किनाऱ्याच्या अगदी जवळून जातं तेव्हा. नॉर्वेचे फियोर्ड, अलास्का. तिथे मी स्वतःच्या पैशानेही घेईन. मुंबई-गोव्यात जहाज संध्याकाळी सुटतं, रात्रभर खोल पाण्यातून येतं आणि सकाळी मुरगाव दिसतं. सूर्यास्त बघायचा तर वर उघडा डेक आहे, तो सगळ्यांचाच.

बोट लागण्याचं औषध म्हणून लोक ॲव्होमिन घेतात. ती जहाज हलायला लागण्याआधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर उपयोग कमी. तिने गुंगी येते, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः त्या बीपीच्या गोळ्या घेत असतील तर. आलेपाक न्या. पोट रिकामं ठेवू नका.

बुकिंग करतानाच जेवणाचं सांगा. डिसेंबरात मार्गशीर्षाचे गुरुवार येतात, सासूबाई उपास करत असतील तर साबुदाणा जहाजावर मिळेलच असं नाही. फळं, दूध, दही मिळतं. शाकाहारी आणि जैन जेवण आपल्याकडच्या जहाजांवर नीट असतं, परदेशी जहाजावर आधी कळवावं लागतं.

भाडं बघताना वेबसाइटवरचा मोठा आकडा सोडा. पोर्ट चार्ज, जीएसटी आणि ग्रॅच्युइटी (म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप) धरून चौघांचा शेवटचा आकडा एजंटकडून एका कागदावर घ्या आणि दोन जहाजांची तुलना त्यावरच करा. वायफाय आणि दारू बहुधा वेगळी. मुंबई-गोवा-कोची फिरायला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं, मुलाचंही न्या.

चढल्यावर सगळ्यांना मस्टर ड्रिलला, म्हणजे आणीबाणीच्या सरावाला बोलावतात, सासूबाईंनाही. दमल्या म्हणून खोलीत ठेवू नका. सक्तीचं आहे, आणि २०१२च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्याच करावं लागतं. त्यांना जिने उतरता येत नाहीत हे तेव्हाच तिथल्या माणसाला सांगून ठेवा, अडीअडचणीला लिफ्ट बंद असते.

चेक-इनला दिलेल्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, आलेपाक आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. टॉयलेट व्हॅक्यूमचं असतं, ओल्या टिश्यू त्यात टाकू नका, एका खोलीने तुंबवलं की आजूबाजूच्या खोल्याही बंद पडतात. आणि इस्त्री घेऊन जाऊ नका. आगीच्या भीतीने ती बंदरावरच काढून घेतात आणि उतरताना परत देतात.