एका दिवसात दिल्ली: ताईंना विचारा

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात आम्ही डेहराडूनला निघालोय. वाटेत दिल्लीत सकाळी सहाला उतरून रात्री अकराची गाडी पकडायची आहे. सोबत अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. यजमानांनी अकरा ठिकाणांची यादी केलीय. सगळं जमेल का?
– एक वाचक

उत्तर: नाही जमणार. यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि यादीतली आठ नावं खोडायला लावा. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही बसच्या खिडकीतून नऊ ठिकाणं 'केली' होती. त्यातलं आज आठवतं ते फक्त चपला काढणं आणि घालणं. तीनच ठिकाणं बघा, पण याच क्रमाने: कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लाल किल्ला.

सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकून आधी कुतुब गाठा. सकाळी तिथे गर्दी नसते, जमीनही सपाट, त्यामुळे सासूबाईंना त्रास नाही. मेट्रो स्टेशनचं नाव कुतुबमिनार असलं तरी मिनार तिथून लांब आहे, रिक्षा करावीच लागते. मुलाला विचारा, खालचे तीन मजले लाल आणि वरच्या दोघांत पांढरा संगमरवर, असं का? चौदाव्या शतकात वीज पडून मिनाराचं नुकसान झालं. फिरोजशाह तुघलकाने वरचा भाग नव्याने बांधला, ती त्याची खूण. शेजारी सोळाशे वर्षं न गंजलेला लोहस्तंभ आहे. त्याला पाठ टेकवून मागे हात जुळले की इच्छा पूर्ण होते म्हणायचे. शाळेत असताना मी जुळवले होते. गणितात पास झाले, इतकंच. आता कुंपण आहे, लांबूनच बघा.

मग हुमायूनची कबर. इथे घाई करू नका. ताजमहालाच्या सुमारे ऐंशी वर्षं आधीची ही इमारत, बादशहाच्या बेगमेने बांधून घेतलेली. चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. सासूबाईंना खाली बागेत सावलीला बसवा. खरं सांगायचं तर घुमट तिथूनच जास्त छान दिसतो. १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर म्हातारा बहादूरशाह जफर याच कबरीच्या आवारात लपला होता आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला. त्याला कैदी म्हणून शहरात नेलं. त्याच्याच मागोमाग तुम्हीही लाल किल्ल्याकडे निघा. रिक्षाने जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्टेशनला या, तिथून जांभळी मेट्रो थेट 'लाल किला' स्टेशनला नेते.

किल्ल्यात दुकानांच्या रांगेत अडकू नका, सरळ दिवाण-ए-खासपाशी जा. जफरवर १८५८ मध्ये खटला चालला तो इथेच, पूर्वजांच्या दरबारात. आणि आता मान वर करा. तिथे एके काळी चांदीचं छत होतं. १७६० मध्ये पानिपताच्या तोंडावर फौजेचा खर्च भागेना, तेव्हा सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून नाणी पाडली. दिल्लीचे गाईड हे सांगताना आपल्याकडे जरा रोखून बघतात! मुलाला हे तुम्हीच आधी सांगून ठेवा, आणि पुढच्या जानेवारीत काय झालं तेही. पानिपत हा धडा मी वर्गात तीस वर्षं शिकवला, पण त्या रिकाम्या छताखाली उभी राहिले तेव्हा पोटात जसं कालवलं, तसं शिकवताना एकदाही झालं नव्हतं.

जामा मशीद रस्त्यापलीकडेच आहे. पाय उरले असतील तर बाहेरून बघा. इंडिया गेट टॅक्सीतून दिसलं तरी पुरे.

आणि हो, तुमची गाडी सोमवारी पोचणार असेल तर तिकीट बदला. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. चाळीस मुलींची सहल घेऊन मी एकदा त्या बंद दरवाजासमोर उभी राहिले आहे, चूक सर्वस्वी माझीच होती.