‘मले कसं समजलं नाई?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनासाठी आठवड्यातले दोन दिवस बसते, बाकीचे दिवस गावोगाव फिरते. आत्महत्या झालेल्या घरात गेलं की एक प्रश्न येतोच. कधी चहाचा कप हातात देताना येतो, कधी मला फाटकापर्यंत सोडायला आल्यावर. ‘‘मले कसं समजलं नाई?’’ बायको विचारते, बाप विचारतो, पुण्याहून रात्रीच्या गाडीने धावत आलेला भाऊ विचारतो. एका आजीने नातवाची वही माझ्यापुढे धरली होती. ‘‘यात कुठं काई लिवलं हाय का पाय व बाई, मले वाचता येत नाई.’’

चौदा वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. त्यावर एकदा नीट लिहायचं कधीपासून मनात होतं. ज्या घराची गोष्ट सांगते, तिथली नावं बदलली आहेत, आणि ओळख पटू नये म्हणून दुसऱ्या दोन घरांतले तपशीलही त्यात मिसळले आहेत. मृत्यू कसा झाला ते लिहिणार नाही. तसली वर्णनं वाचून, आधीच खचलेल्या माणसाला तीच वाट दिसू लागते. हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

इंदू छत्तीस वर्षांची. पाच एकर वावर, त्यातल्या दीड एकराला विहिरीचं पाणी. नवरा कार्तिकात गेला, सीतादईच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, आठवड्यात. मी पहिल्यांदा गेले ते फेब्रुवारीत. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी सांगितलं होतं, ‘‘जेवते, कामाला जाते, पण रातभर अंगणात बसून रायते.’’

तिने पहिल्या भेटीत माझ्यापुढे ठेवली ती कागदांची प्लास्टिकची पिशवी. एक लाख रुपयांच्या शासकीय मदतीचा प्रस्ताव अपात्र ठरला होता. त्यासाठी बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज लागतं, वसुलीचा तगादा लागतो. याचं कर्ज होतं हातउसनं आणि परवाना नसलेल्या सावकाराचं. इंदूने त्या कागदाचा तिच्यापुरता अर्थ लावून ठेवला होता.

‘‘कर्जानं गेले नाई म्हन्ते सरकार. मंग कशानं गेले? माह्यानंच ना?’’

पात्र-अपात्र हा निर्णय प्रस्तावावर असतो, पण घरात तो मरणावरचा निकाल म्हणून वाचला जातो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत स्वतःहून तो विषय काढते. कागदावर ‘कारण’ या शब्दापुढे एकच ओळ असते. कर्ज, नापिकी, आजार, दारू, घरातला वाद, झोप उडालेली, कुणाशी बोलणं बंद झालेलं, अशा कितीतरी गोष्टी साचत जातात, आणि त्यांतली एकच त्या ओळीत मावते. मग गाव एक निवडतं, सासर दुसरं निवडतं आणि बायको बहुतेक वेळा स्वतःला निवडते.

तिसऱ्या भेटीत ती खरं बोलली.

‘‘जायच्या आदल्या दिवशी त्यायनं किराणावाल्याचे बंदे पैसे देऊन टाकले. पोरीले फराक आनला. महिनाभर मानूस धड बोलत नव्हता, त्या दिवशी हासला. मले वाटलं, चाला, आलं मन ठिकानावर. त्या राती मी किती दिवसांनी निवांत झोपली, म्याडम. झोपली मी.’’

तिला झोप का येत नव्हती ते मला त्या क्षणी समजलं. तिच्या लेखी तोच गुन्हा होता. नवऱ्याशी भांडली असती तर भांडणाचा पश्चात्ताप करता आला असता; ती तर सुखावली होती.

आणि मी काय केलं? ‘‘यात तुमचा काहीच दोष नाही,’’ असं म्हणाले. तिचा चेहरा बंद झाला. पुढच्या दोन्ही भेटींत ती हवापाण्याचंच बोलली.

हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं. मीही त्याआधी शेकडो वेळा म्हटलं असेल. पण ज्याच्या मनात दोष ठासून भरला आहे, त्याला ते ‘पुरे, पुढचं सांगू नका’ असंच ऐकू येतं. तिने मोठ्या हिमतीने पुरावा काढून दाखवला होता, आणि मी तो न पाहताच निकाल दिला होता. तेव्हापासून मी दोषाशी वाद घालत नाही. तो पुरा ऐकून घेते. ‘त्या दिवशीचं सकाळपासून सांगा,’ एवढंच म्हणते.

उन्हाळ्यात तिच्या बोलण्यात मुलगा येऊ लागला. सतरा वर्षांचा. बारावीला बसलाच नाही. दिवसभर मोबाइल, बोललं की चिडायचं. रब्बीत विहिरीत पाणी असून हरभरा वाळला, कारण पोरगं मोटरला हात लावत नव्हतं. काका त्याला आळशी म्हणायचे. इंदूला वेगळीच भीती होती.

‘‘बापासारखं तर काई नसंन त्याच्या मनात?’’

‘‘विचारलंत त्याला?’’

‘‘इचारलं तं नसंन थेई भरंल डोक्यात.’’

इथे गोष्ट थांबवून सांगते, कारण ही भीती मला शिक्षकांकडून, पोलीस पाटलांकडून, कधी कधी डॉक्टरांकडूनही ऐकू येते. विचारल्याने विचार पेरला जात नाही. यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम मी फार मानते. त्यांचं म्हणणं असं की अशा माणसाला मरण हवं असतं त्यापेक्षा सहन न होणारा मनाचा ठणका थांबायला हवा असतो. शेवटपर्यंत त्याच्या मनात दोन्ही गोष्टी चालू असतात. आपण विचारतो तेव्हा त्यातल्या जगू पाहणाऱ्या बाजूला बोलायला जागा मिळते.

पण कसं विचारायचं, याला महत्त्व आहे. ‘वेडंवाकडं तर काही करणार नाहीस ना?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच ठरलेलं आहे. समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. सरळ शब्द वापरावेत: ‘मरून जावं असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?’ समोरासमोर बसवून, दार लावून विचारू नये. दोघांचे हात कशात तरी असावेत, नजर दुसरीकडे असावी. इंदूने माझ्यासमोर ते वाक्य सात-आठ वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या चार वेळा तिला ‘मरण’ हा शब्दच उच्चारता आला नाही.

मिरगाच्या आठवड्यात एका रात्री दहाला तिचा फोन आला. गोठ्यात बैलांना कुटार टाकता टाकता तिने विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘येतात इचार. पन तुले सांगून काय करू, तूच रडत रायतं.’’

आवाज कापत होता, पण ती रागावली नव्हती, शपथ घातली नव्हती. ‘बापानं केलं ते कमी होतं का’ असंही म्हणाली नव्हती. मी काही प्रश्न सांगितले आणि तिने ते त्याला विचारले: कधीपासून येतात, काही ठरवलं आहेस का, आज रात्री येत आहेत का. त्या रात्री तो एकटा झोपला नाही. फवारणीचं औषध दिराने तेव्हाच घराबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं. हे किरकोळ वाटेल, पण मी प्रत्येक घरात यावर अडून बसते. तीव्र ऊर्मी बहुतेकदा काही वेळापुरती असते, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस पुष्कळदा तगून जातो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या. कर्जं काही तिथली संपली नव्हती.

सकाळी पोराला रुग्णालयात आणलं, तिथून जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे. औषधं सुरू झाली. रात्री-बेरात्री मी नसेन तर १४४१६ लावायचं, हे त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याच हाताने लिहून घेतलं. ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

दिराला पोलिसांची धास्ती होती. ‘केस होईल’ म्हणून आमच्याकडे लोक प्रयत्न केलेल्या माणसालाही लपवतात, डॉक्टरांना खोटं सांगतात, आणि उपचार चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

आता एका दुपारबद्दल. पोळा होऊन आठवडा झाला होता. मी इंदूला म्हणाले, आज सगळ्यांना बसवू. सासू, दीर, मुलगा, ती. नऊ वर्षांच्या मुलीला शेजारी पाठवलं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ज्याला जे दिसलं, ते प्रत्येकाने सांगायचं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. एवढाच नियम.

इंदूने किराणावाल्याचं सांगितलं, फ्रॉकचं सांगितलं. आपण झोपलो तेही सांगितलं.

दीर म्हणाला, ‘‘दोन वर्सांपासून माह्यं वखर त्याच्याकडं होतं. मागून मागून थकलो. त्या दिवशी सोता आनून देल्लं. मी म्हन्लं, बरं झालं बापा, एकदाची आठोन आली. टोमनाच मारला मी.’’

सासू पदराचं टोक हातात फिरवत होती. ‘‘माह्या पायाशी येऊन बसला. पिठलं कर म्हने, तुह्या हातचं. मी म्हन्लं, बायको हाय ना घरात. नाई केलं मी.’’

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलगा भिंतीकडे पाहत होता. मी वाट पाहिली. अशा वेळी काहीतरी बोलून सगळ्यांची सुटका करावी असं फार वाटतं. तोंड मिटून बसायला मला पुष्कळ वर्षं लागली आहेत.

‘‘बाबानं मले मोटरचा स्टार्टर शिकवला,’’ तो म्हणाला. ‘‘आधी हात लावू देत नव्हते. त्या दिवशी तीनदा करून घेतलं माह्याकून. म्हने, आता तुले येते. मी खुश झालो. मोठा झालो वाटलं.’’

दहा महिने त्याने मोटरला हात का लावला नाही, ते घराला तेव्हा कळलं. काका उठून बाहेर गेले, तोंड धुऊन आले आणि त्याच्या शेजारी बसले.

एकाच घरचे चार जण होते आणि प्रत्येकाची खात्री होती की गुन्हेगार आपण एकटेच. ज्याने त्याने आपला पुरावा लपवून ठेवला होता. मी काही समजावून सांगणार, तेवढ्यात इंदू बोलली.

‘‘पऱ्हाटीसारखं झालं हे. ज्यानं त्यानं एकएक बोंड पाह्यलं. वावर कोनीच नाई पाह्यलं.’’

चौदा वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, ते तिने दिलं. देणी फेडणं, उसन्या वस्तू परत करणं, जबाबदारी दुसऱ्याच्या हाती देणं, फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणं ही खरोखरच धोक्याची लक्षणं आहेत. मी ती प्रशिक्षणात आशाताईंना पाठ करायला लावते. पण ती सगळी एकाच माणसाच्या पुढ्यात क्वचितच येतात. एकेकटी पाहिली तर प्रत्येक गोष्ट चांगलीच दिसते: उधारी फिटली, वखर आलं, पोरगं शिकलं. म्हणून आता मी प्रशिक्षणात लक्षणांबरोबर आणखी एक गोष्ट शिकवते. ज्याची काळजी वाटते त्याच्याबद्दल घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, ‘तुला काय दिसलं?’ आणि त्या माणसाला स्वतःलाही विचारा. हे शिकवते याचा मला अभिमान वाटतो, आणि तो खोटा नाही. दोन गावांत आशाताईंना यामुळे वेळेत कळलं आहे.

श्नाइडमन म्हणत की मागे राहिलेल्यांना सांभाळणं म्हणजेच पुढच्या पिढीतली आत्महत्या रोखणं. शेजारपाजाऱ्यांना यात खूप करता येतं. तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवसापासून कुणी फिरकत नाही. तेव्हा जा. ‘भांडण झालं होतं का?’ विचारू नका, ‘पैसे भेटले का?’ तर अजिबातच नाही. भाजी निवडू लागा, पेरणीला एक दिवस द्या, गेलेल्याचं नाव घ्या. हळदीकुंकवाला तिला बोलवा. लेकरांना ‘अटॅक आला’ असं सांगू नका. इंदूच्या मुलीला खरं शाळेत समजलं, मैत्रिणीकडून, आणि ती आठवडाभर आईशी बोलली नाही. वयाला झेपेल अशा शब्दांत घरच्यांनीच सांगावं: बाबांचं मन खूप आजारी होतं, दुखणं सहन झालं नाही, आणि यात तू काही केलेलं नाहीस. लेकराला हे सांगताना इंदूने मला बाजूला बसायला सांगितलं होतं, पण बोलली ती एकटीच.

मुलाची औषधं अजून चालू आहेत. त्याच्यासाठी कार्तिकातला तो आठवडा जड जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून काका त्या आठवड्यात त्यांच्याकडेच झोपायला होते. मी गेले तेव्हा सासूबाई पिठलं करत होत्या. वावरात हरभरा पेरून झाला होता. इंदू म्हणाली, पाणी द्यायला पोरगं गेलं आहे, थांबा थोडं. विहिरीकडून मोटरचा आवाज येत होता.