पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी

चि. ट्रम्पेटवादकास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या अल्बमसाठी निवडलेल्या दहा रचनांची यादी मिळाली. दहाच्या दहा तुझ्याच आहेत आणि बहुतेक सगळ्या द्रुत लयीतल्या आहेत, म्हणून स्टुडिओची तारीख पक्की होण्याआधीच हे पत्र लिहीत आहे. तुझ्या तयारीविषयी मला शंका नाही. ती सगळी एकाच अल्बममध्ये दाखवून टाकण्याच्या घाईविषयी आहे.

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डचा ‘ओपन सेसमी’ हा पहिला अल्बम पुन्हा ऐक आणि या खेपेस त्याच्या तानांमागे न धावता अल्बमची मांडणी कशी केली आहे, इकडे लक्ष दे. १९ जून १९६० रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स येथे, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, ब्लू नोट या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी तो ध्वनिमुद्रित झाला. इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला आलेला हबर्ड तेव्हा २२ वर्षांचा होता, पियानोवरचा मॅकॉय टायनर २१ वर्षांचा आणि ड्रम्सवरचा क्लिफर्ड जार्व्हिस तर १८ वर्षांचा. या तरुणांना सावरून धरणारा बासवादक सॅम जोन्स मात्र पस्तिशीचा, मुरलेला होता. वाद्यावर एवढी हुकूमत असलेल्या या मुलाच्या अल्बममधील सहा रचनांपैकी त्याची स्वतःची एकच आहे. शीर्षकरचना आणि ‘जिप्सी ब्लू’ या दोन्ही टेनर सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्स याच्या आहेत, आणि माझ्या मते अल्बमचा चेहरा त्या दोहोंनीच घडवला आहे. त्यामुळे हबर्डचे मोठेपण तसूभरही कमी झालेले नाही. उलट दुसऱ्याच्या चालीत शिरून तो काय करतो, हे ऐकतानाच त्याची खरी ओळख पटते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ जूनला, ब्रुक्सचा ‘ट्रू ब्लू’ ध्वनिमुद्रित झाला आणि त्यात हबर्ड साथीला उभा होता. ब्रुक्स १९७४ साली वारला. वादकसंचाचा नेता म्हणून त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले ते तेवढे एकच. मला याची फार हळहळ वाटते. म्हणून तुझ्या सॅक्सोफोनवादकाने लिहिलेली ती संथ रचना, जी तू यादीतून वगळली आहेस, ती परत घे, श्रेयनामावलीत आणि आयपीआरएसच्या (रचनाकारांचे मानधन गोळा करून देणाऱ्या संस्थेच्या) नोंदणीत त्याचे नाव बिनचूक येईल हे स्वतः पाहा, आणि उद्या त्याचा अल्बम निघेल तेव्हा त्याने बोलावण्याची वाट न पाहता हजर राहा.

संथ रचनेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. ‘ओपन सेसमी’त वेगवान शीर्षकरचनेच्या लगेच पाठीवर ‘बट ब्यूटिफुल’ येते. संथ लयीत ट्रम्पेटवादकाला लपायला जागा नसते: सूर लागताना ओठ जरासा डगमगला, किंवा वाक्य संपण्याआधी श्वास अपुरा पडला, तर ते लगेच कानाला कळते. अशी रचना दिवसाच्या शेवटासाठी ठेवू नकोस. सकाळी लांब सूर लावून ओठ तापले, की पहिल्यांदा तीच वाजव. वरच्या सप्तकात फार वेळ राहावे लागणाऱ्या दोन रचना पाठोपाठ घेऊ नकोस आणि मधल्या वेळात वाद्य खरोखरच खाली ठेव. अल्बममधला क्रम आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम एकच असायला हवा, असे कोणी सांगितले? १९९२ साली वरचा ओठ फाटल्यानंतर हबर्डसारख्या वादकालाही पूर्वीची ताकद परत मिळाली नाही, हे कायम ध्यानात असू दे.

खर्चाचे म्हणशील, तर मुखपृष्ठाच्या छायाचित्रांसाठी बाजूला काढलेले पैसे तालमींकडे वळव. ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन वादकांना तालमींचेही पैसे देत असे, आणि त्या काळच्या त्याच्या अल्बममधला एकजीवपणा बराचसा तिथूनच आला आहे. साथीदार मित्र आहेत म्हणून त्यांना फुकट राबवू नकोस. तालमी शक्यतो सगळ्यांनी एकाच खोलीत, हेडफोनविना, एकमेकांकडे पाहत कराव्यात.

दहाऐवजी सहा किंवा सात रचनांची नवी यादी कर आणि तालमीचे ध्वनिमुद्रण, फोनवर केलेले असले तरी चालेल, स्टुडिओची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मला पाठव.

तुझा शुभचिंतक