वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर फळांचा रस चालतो का?

तुमच्या बाबांची गॅस्ट्रिक बायपास (जठर छोटं करून ते थेट लहान आतड्याला जोडायची सर्जरी) होऊन दीड महिना झालाय आणि अशक्तपणा जावा म्हणून घरचे त्यांना रोज ग्लासभर संत्र्याचा रस देताहेत, हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की रस थांबवा.

200 मिली रसात वरून काही न घालताही साधारण 15 ते 20 ग्रॅम साखर असते. बायपासनंतर ती छोट्याशा जठरातून भराभर लहान आतड्यात उतरते आणि तिथे पाणी ओढून घेते. मग पोटात कळ, जुलाब, घाम, धडधड. यालाच डंपिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं झालं तर अंगावर काढू नका. त्यांना मधुमेहाची औषधं चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अशक्तपणाला रस हा उपाय नाहीच, प्रथिनं हवीत, दिवसाला किमान 60 ग्रॅम. म्हणून ताटातलं अंडं, पनीर, घट्ट वरण आधी. नंतर पोटात जागा उरली तर दोन-तीन चमचे मऊ पपई किंवा साल काढून वाफवलेलं सफरचंद. संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा काढाच, तो अडकतो. पेरू, अननस इतक्यात नको.

पाणी किंवा पातळ ताक जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट.