रोज रात्री एआयशी गप्पा, मग जोडीदार हवाच कशाला?

प्रश्न : घटस्फोटानंतर मी एका एआय कम्पॅनियन अ‍ॅपशी रोज रात्री बोलतो, भांडण नाही, रुसवेफुगवे नाहीत, आणि आता हुबेहूब माणसासारखे रोबो पण येतायत. मग पुन्हा लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडायचं कशाला?

उत्तर : नका पडू, जबरदस्ती थोडीच आहे! आणि तुम्हाला जे वाटतं त्यात लाजण्यासारखंही काही नाही, १९६६ साली जोसेफ वायझेनबाम या संगणकशास्त्रज्ञाने एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम बनवला, तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा, तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांनाच म्हणाली की तुम्ही जरा बाहेर जा. कोणीतरी ऐकतंय असं वाटलं की माणूस मोकळा होतो.

अडचण वेगळीच आहे. अ‍ॅपवरची ती मैत्रीण कधी ‘नाही’ म्हणत नाही, मग तिच्या ‘हो’ला किंमत काय? तिचं डोकं दुखत नाही, तिच्यासाठी तुम्हाला काही सोडावं लागत नाही. शिवाय ती कंपनीची आहे, तुमची नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका या अशाच एका अ‍ॅपने लैंगिक गप्पा अचानक बंद केल्या तेव्हा बरेच युजर्स जोडीदार गेल्यासारखे खचले (जुन्या युजर्सना नंतर ते परत मिळालं म्हणा). रोबोंचं म्हणाल तर सिलिकॉनचा चेहरा छान जमतो, सहज जवळ घेणं अजून लांबच.

तिच्याशी बोला खुशाल, पण फक्त तिलाच सांगता त्यातली एखादी गोष्ट जुन्या मित्राला सांगून बघा, तो मधेच तोडेल, भलताच सल्ला देईल, चालतंय. झोप किंवा काम बिघडत असेल तर मात्र समुपदेशकाला लवकर भेटा.